हिंग, अस्वलं आणि बंद रस्ता

नणंदेच्या बॅगेतून एकेक डबा बाहेर येत गेला तसा माझा चेहरा उतरत गेला. लसणाची चटणी. कारळ्याची चटणी. मेतकूट. गोडा मसाला. हिंगाची डबी, जी कितीही घट्ट बंद केली तरी बंद वाटत नाही. शेवटी अमृतांजनच्या दोन बाटल्या.

"वन्सं, हे सगळं आपण तिकडे न्यायचं?"

"मग? वहिनी, तूच म्हणालीस ना, चार दिवस आपलं आपण शिजवायचं म्हणून."

"म्हणाले. अस्वलांच्या घरी जायचंय, हेही म्हणाले होते."

'वन्सं' हे मी तिला चिडवायला म्हणते. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कोथरूडला राहते आणि सुट्टीच्या दिवशी दोनशे किलोमीटर सायकल चालवते. साडेतेरा तासांत दोनशे पूर्ण करायचे, त्याला बीआरएम म्हणतात, हे ज्ञान मला तिच्यामुळे झालं. मी मूळची साताऱ्याची. गेली अठरा वर्षं सिॲटलजवळ आहे. माझं सायकल चालवणं म्हणजे ऑफिसला जाऊन येऊन वीस किलोमीटर, तेही पाऊस नसेल तर. सिॲटलमध्ये पाऊस किती दिवस नसतो, हे वेगळं सांगायला नको.

ती मे महिन्यात आमच्याकडे यायची होती. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचं काम, सगळं बघून मी ठरवलं, आपण दोघींनीच जायचं. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये, सायकली आणि तंबू घेऊन. ती नवऱ्याची सायकल वापरणार, सीट चार बोटं खाली करून.

मे का, ते आधी सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. या पार्कमधून 'गोइंग-टू-द-सन रोड' नावाचा सुमारे ८० किलोमीटरचा घाटरस्ता जातो. १९३३ साली त्याचं उद्घाटन झालं. २,०२६ मीटर उंचीची लोगन खिंड ओलांडून तो पार्कच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतो. हिवाळ्यात वरचा सगळा भाग बर्फाखाली गडप होतो. एप्रिल लागला की बर्फ उपसायला सुरुवात होते आणि गाड्यांना रस्ता उघडेपर्यंत जून संपत येतो. २०२२ साली तर १३ जुलै उजाडला होता. मधल्या काळात रस्त्याचा खालचा काही भाग मोकळा झालेला असतो, पण फाटकापुढे गाड्यांना मनाई असते. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मात्र जाऊ देतात. म्हणजे बर्फ काढणाऱ्या यंत्रांच्या मागून आणि गाड्यांच्या आधी, अशी काही आठवड्यांची फट असते. भर उन्हाळ्यात हा रस्ता गाड्यांनी इतका भरतो की सायकलींना काही टप्प्यांवर सकाळी अकरा ते दुपारी चार बंदी असते. आम्हाला त्या फटीत शिरायचं होतं.

अडचण एकच. कुठल्या दिवशी कुठपर्यंत जाता येईल, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती रोज टाकतात आणि बंदीच्या दोन वेगवेगळ्या रेषा असतात. एक रेषा काम चालू असेल तेवढ्या वेळापुरती. यंत्रं चालू असताना तिच्यापुढे जायचं नाही. दुसरी हिमस्खलनाच्या धोक्याची, ती चोवीस तास लागू. कामाच्या दिवशी पहिल्या रेषेवर थांबायचं, काम बंद असेल तेव्हा दुसरीपर्यंत जायचं. मी महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडत होते. नवरा म्हणाला, शेअर बाजार बघितला असतास तर एव्हाना पैसे तरी आले असते.

गाडीने न जाता रेल्वेने जायचं ठरवलं, कारण सिॲटलहून सुटणारी एम्पायर बिल्डर थेट पार्कच्या दारापर्यंत जाते. सायकलचंही वेगळं आरक्षण करावं लागतं. आम्ही व्हाइटफिश स्टेशनचं केलं. पार्कच्या जवळ आणखी एक स्टेशन आहे, वेस्ट ग्लेशियर. पण व्हाइटफिश हे खरेदी करता येईल असं गाव आहे आणि आमची दोन महत्त्वाची खरेदी तिथेच करायची होती. स्टोव्हचा गॅस आणि अस्वलांवर मारायचा तिखटाचा फवारा, दोन्ही रेल्वेत चालत नाहीत.

संध्याकाळी गाडी सुटली. सायकली सामानाच्या डब्यात गेल्या. अंधार पडता पडता कॅस्केड पर्वताखालचा बोगदा आला. साडेबारा किलोमीटर लांब. खंडाळ्याच्या बोगद्यांत "हूऽऽ" करत मोठ्या झालेल्या आम्ही दोघींनी सवयीने सुरुवात केली आणि मिनिटभरात गप्प बसलो, कारण बोगदा काही संपेना आणि शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. मध्यरात्रीनंतर स्पोकेनला पोर्टलंडहून आलेला अर्धा भाग आमच्या गाडीला जोडला, त्या धक्क्याने जाग आली. मग झोप लागली ती व्हाइटफिश येईपर्यंत. घड्याळ एक तास पुढे करायचं मी विसरले होते. आम्ही दात घासत असताना गाडी स्टेशनात शिरली.

फवाऱ्याची बाटली बऱ्यापैकी महाग, पन्नास डॉलरच्या आसपास. आत मिरचीचाच अर्क. "वहिनी, एवढ्या पैशांत आपल्याकडे पोतंभर संकेश्वरी येईल," नणंद म्हणाली. दुकानातल्या मुलीने आम्हाला रिकाम्या बाटलीवर सराव करायला लावला. पट्टी ओढ, पिन काढ, थोडं खाली रोखून दाब. दोन गोष्टी तिने परत परत सांगितल्या. बाटली पिशवीत ठेवायची नाही, हाताशी हवी. आणि अंगाला चोपडायचं ते औषध नव्हे, अस्वल अंगावर आलं तरच त्याच्या तोंडासमोर ढग करायचा. असं स्वतःच्या अंगावर फवारून घेणारे लोक खरंच असतात म्हणे.

व्हाइटफिशहून पार्कच्या तळापर्यंत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पहिला निम्मा भाग हमरस्त्याच्या कडेने. शेजारून लाकडाचे ट्रक जाताना सायकल सरळ धरणं हेच काम. वाटेत 'हंग्री हॉर्स' नावाचं गाव लागलं. १९०० सालच्या हिवाळ्यात लाकूड ओढणारे दोन घोडे इथल्या जंगलात भरकटले आणि पोटापर्यंतच्या बर्फात महिनाभराने उपाशी, पण जिवंत सापडले, त्यावरून हे नाव. भुकेला घोडा या नावाच्या गावात आम्ही डब्यातले मेथीचे ठेपले संपवले. तिथून पुढे वेस्ट ग्लेशियरपर्यंत सायकलींसाठी वेगळी वाट आहे आणि मग जीव खाली पडला.

ॲपगार हा मॅकडॉनल्ड तलावाच्या टोकाला असलेला तळ. सायकलवर किंवा चालत येणाऱ्यांसाठी तिथे वेगळी सामाईक जागा राखलेली असते, थोडक्या पैशांत. गाड्या घेऊन आलेल्यांना महिनोन्‌महिने आधी आरक्षण लागतं. घामाघूम होऊन आलेल्याला जागा मिळते, हा न्याय मला फार आवडला. तंबू लावला. तलावावर गेलो. सोळा किलोमीटर लांब पाणी आणि काठावर लाल, हिरवे, जांभळट गोटे, पाण्याखाली आणखी गडद. सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रातला हा गाळ. उथळ पाण्यात लोखंडाला प्राणवायू मिळाला तिथे तो लाल झाला, खोल पाण्यात नाही मिळाला तिथे हिरवा राहिला. काळ्या कातळाच्या सह्याद्रीतून आलेल्या डोळ्यांना दगडाला रंग असतो हेच आधी पटत नाही. नणंदेने एक हिरवा गोटा उचलला, खिशात टाकला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला. इथून दगडही न्यायचा नसतो.

मग आली स्वयंपाकाची वेळ आणि माझी परीक्षा.

नियम असा. ज्या ज्या वस्तूला वास आहे ती प्रत्येक वस्तू, वापरात नसेल तेव्हा, जाड पत्र्याच्या कुलपी पेटीत. पेटीची कडी अशी की माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. अन्न तर आहेच. त्याशिवाय रिकामी भांडी, स्टोव्ह, टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, कचरा. भांडी घासलेलं पाणीसुद्धा झाडाखाली ओतायचं नाही, त्याचं वेगळं मोरीसारखं ठिकाण आहे. आपल्याकडे शेजारणीला कळू नये म्हणून खमंग काही केलं की खिडकी लावून घेतात. इथे शेजारीण चारशे पौंडांची आणि तिचं नाक आपल्या कित्येक पट तिखट.

मी मऊ भात केला. वर मेतकूट आणि तूप. फोडणी करायची नाही, अशी ताकीद दिली होती. नणंद म्हणाली, नुसत्या मेतकुटात हिंग नसतो असं वाटतं का तुला? सायकलवर एकटा हिंडणारा एक पंचविशीतला मुलगा शेजारच्या बाकावर कोरड्या नूडल्स खात बसला होता. त्याने विचारलं, हा वास कसला? मी घाबरून विचारलं, फार येतोय का? तो म्हणाला, नाही, मला थोडं मिळेल का?

जेवण झालं, सगळं पेटीत गेलं, कडी लागली. तंबूत पडलो. साडेदहा वाजता मला शंका आली.

"तुझी टूथपेस्ट कुठे आहे?"

"जर्किनच्या खिशात."

"उठ."

"वहिनी, बाहेर शून्याच्या खाली गेलंय."

"उठ. आणि ते ओठांचं मलम पण घे."

ती उठली. डोक्याला दिवा बांधून, कुडकुडत, पेटीपर्यंत गेली आणि परत आली. रात्रभर माझ्याशी बोलली नाही. म्हणजे तशीही ती झोपलीच होती.

मी इतकी कडक का, त्याला कारण होतं. जायच्या आधी मी १९६७ सालची हकिगत वाचली होती. १९१० साली हे पार्क झालं, तेव्हापासून सत्तावन्न वर्षांत अस्वलाने इथे कुणाला मारलं नव्हतं. १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्री, एकमेकांपासून कित्येक मैल लांबच्या दोन ठिकाणी, ग्रिझली जातीच्या दोन वेगवेगळ्या अस्वलांनी एकोणीस-एकोणीस वर्षांच्या दोन मुलींना मारलं. त्यातलं एक ठिकाण ग्रॅनाइट पार्क. तिथल्या डोंगरावरच्या विश्रामगृहाचं उरलंसुरलं अन्न मागे टाकत असत आणि रात्री ते खायला येणारी अस्वलं बघायला पाहुणे जमत. अस्वलांना माणसाच्या खरकट्याची चटक आपणच लावली होती. पेट्या, कुलपं, नियम हे सगळं त्या रात्रीनंतर कडक झालं. शुक्रवारी आम्ही जिथपर्यंत सायकलने गेलो त्या वळणावरूनच ग्रॅनाइट पार्कची पायवाट वर चढते. पाटी बघितल्यावर नणंदेने टूथपेस्टबद्दलचा राग मागे घेतला. निदान तेव्हा तरी.

शुक्रवार. पहाटे पाणी गोठलं होतं. निघायला नऊ वाजले. पहिले तेवीस किलोमीटर तलावाच्या काठाने, मग मॅकडॉनल्ड ओढ्याच्या काठाने. पलीकडच्या काठावरचा डोंगर खांबांसारख्या काळ्या-करड्या बुंध्यांनी भरलेला होता, २०१८ च्या ऑगस्टमध्ये वीज पडून लागलेल्या वणव्याचा. आमच्या बाजूला मात्र गर्द झाडी. अव्हलांच या ठिकाणी पोहोचेपर्यंत तांबड्या सीडरची अशी झाडं सुरू होतात की दोघींनी हात जोडले तरी बुंधा मावत नाही. प्रशांत महासागराकडून येणारी वाफ इथवर पोचते आणि तसलं ओलं जंगल पूर्वेकडे याच्यापुढे जात नाही. जमिनीवर शेवाळं, वर काळोख. मला आंबोलीची आठवण झाली, फक्त थंडी काढून टाकायची.

अव्हलांचला फाटक. तिथे गाड्या संपल्या. फाटकाच्या बाजूने सायकल काढली, दोनशे मीटर गेलो आणि मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता. ओढ्याचा होता, पक्ष्यांचा होता. पण डांबरी रस्त्यावर असताना कान ज्याची वाट बघत असतात तो नव्हता. मी रस्त्याच्या मधोमध आले. मग पलीकडे गेले. मग उगीचच नागमोडी चालवत राहिले. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने हे करावं की नाही हा प्रश्न आहे, पण बघायला नणंदच होती आणि ती तेच करत होती.

इथून लोगन खिंड २६ किलोमीटर आणि चढ हजार मीटरच्या आसपास. ऐकायला भीती वाटते. पण हा घाट सहा टक्क्यांच्या वर जात नाही आणि त्याची एक गोष्ट आहे. आधीच्या आराखड्यात दरीच्या तोंडाशी पंधरा वळणं एकावर एक रचलेली होती, आपल्या आंबेनळीसारखी. थॉमस व्हिंट या लँडस्केप आर्किटेक्टने म्हटलं, त्याने दरी विद्रूप होईल. रस्ता कड्याच्या पोटातून लांबवर न्या आणि एकच वळण ठेवा. खर्च जास्त होणार होता, तरी तेच मान्य झालं. त्या एकुलत्या वळणाला 'द लूप' म्हणतात. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा की एकदा गिअर लावला की तासन्‌तास तोच. सिंहगडासारखा छातीवर येणारा चढ नाही, पण श्वास घ्यायला सपाटीही नाही. नणंदेला हे कंटाळवाणं वाटलं. मला देवासारखं वाटलं.

वळणांवर ओरडत जायचं, हा दुसरा नियम. सायकल आवाज न करता वेगाने येते आणि अस्वलाला चकित झालेलं आवडत नाही. २०१६ साली पार्कच्या सीमेलगतच्या जंगलात एका वनखात्याच्या अधिकाऱ्याची सायकल वळणावर थेट ग्रिझलीवर आदळली होती आणि तो त्यात गेला. घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा, असं सांगतात. आम्ही "गणपती बाप्पा" - "मोरया"ने सुरुवात केली. चढावर दम पुरेना. मग नणंदेने पाढे काढले. सतराचा पाढा चढाला उत्तम बसतो, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, एकेक पायटा एकेक ओळ. मागून येऊन पुढे जाणाऱ्या एका बाईंनी थांबून अदबीने विचारलं, ही कुठली प्रार्थना? नणंद म्हणाली, गणित. त्या म्हणाल्या, ओह, आणि निघून गेल्या.

लूपच्या अलीकडे डोंगर पोखरून केलेला छोटा बोगदा आहे, ५८ मीटरचा, आणि त्याला दरीच्या बाजूने दोन खिडक्या काढल्या आहेत. समोर हेवन्स पीक, पांढराशुभ्र. गाडीतून हा बोगदा दहा सेकंदांत जात असणार. आम्ही तिथे बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. सालं पिशवीत भरली. मी मोजून घेतली, असं नणंद सांगते. ते खोटं आहे.

बोगद्यातून निघालो आणि पुढच्या वळणावर माणसं थांबलेली. दहा-बारा सायकली. पलीकडे पन्नास-साठ पावलांवर नाही, चांगलं शंभर-सव्वाशे मीटरवर काळं अस्वल. रस्त्याच्या कडेला गवत खात होतं. गायीसारखं. मी आयुष्यात अस्वलाबद्दल जे जे कल्पलं होतं त्यात ते गवत खात नव्हतं. पण हिवाळाभर उपाशी झोपलेल्याला वसंतात आधी मिळतं ते गवतच. अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायचं, म्हणजे ९० मीटरच्या वर, हा इथला नियम. त्यामुळे अस्वलाचं जेवण होईपर्यंत सगळे थांबले. पलीकडून खाली येणारेही थांबले. रेल्वे फाटकावर दोन्हीकडे रांग लागते तशी. वीस मिनिटांनी ते उठलं, रस्ता ओलांडला, आमच्याकडे बघितलंही नाही आणि झाडीत गेलं. माझा हात इतका वेळ फवाऱ्याच्या बाटलीवर होता, हे मला बोटं सरळ होईनात तेव्हा कळलं.

लूपवर शुक्रवारची रेषा. लाकडी अडथळा, पाटी, आणि वरून कुठूनतरी यंत्रांची घरघर. आजूबाजूला करडी वाळलेली खोडं, २००३ च्या वणव्यातली, आणि त्यांच्या पायाशी पुरुषभर उंचीची नवी झाडं. परत फिरलो. तळावर पोचलो तेव्हा बहात्तर किलोमीटर झाले होते आणि माझा उजवा गुडघा स्वतंत्र संसार थाटायच्या विचारात होता.

"अमृतांजन दे."

"तुझ्याकडेच होतं."

"दोन बाटल्या होत्या."

"एक घरी दादासाठी ठेवली. दुसरी तू घेतलीस."

पेटी उपसली. चटण्या, मेतकूट, साबण, टूथपेस्ट, सगळं होतं. अमृतांजन नव्हतं. मी तिला म्हटलं, तू रेल्वेत विसरलीस. ती म्हणाली, मी हातही लावला नव्हता. यावर बराच वेळ गेला. शेवटी गुडघ्याला गरम पाण्याची बाटली लावून झोपले.

शनिवारी अव्हलांचपर्यंत चालवत जायचा हट्ट मी सोडला. शनिवार-रविवारी ॲपगारहून सायकली वाहून नेणाऱ्या ट्रेलरची मोफत बस असते. आदल्या दिवशी ताजेतवाने असताना ती असती तरी घेतली नसती, इतका आमचा ताठा होता. बसमध्ये आमच्याशिवाय सगळे साठीच्या पुढचे होते आणि वर गेल्यावर त्यातल्या निम्म्यांनी मला मागे टाकलं.

यंत्रं बंद, म्हणून लूपच्या पुढे जायला मोकळीक. तिथून रस्ता कड्याला चिकटतो. डावीकडे भिंत, उजवीकडे काही नाही. काही नाही हे शब्दशः. या रस्त्याच्या वरच्या भागातले कठड्याचे ओंडके दर हिवाळ्याआधी काढून ठेवतात, नाहीतर कोसळणारा बर्फ ते घेऊन जातो, आणि रस्ता उघडायच्या आधी परत बसवतात. आम्ही गेलो तेव्हा ते बसलेले नव्हते. डांबर संपतं आणि मग थेट हवा. मी भिंतीकडून चालवत होते. पण भिंतीकडून दगड पडतात. रात्रीत पडलेले, मुठीएवढे, काही डोक्याएवढे, रस्त्यावर विखुरलेले. म्हणजे मधोमध. यंत्रांनी कापलेल्या बर्फाची भिंत आधी गुडघ्याएवढी, मग खांद्याएवढी, मग सायकलीसकट माणूस झाकेल एवढी झाली. तिच्यावर नांगराच्या पात्याचे आडवे ओरखडे होते. जवळून गेलं की फ्रिजचं दार उघडल्यासारखा गारवा.

समोरच्या दरीपलीकडे बर्ड वुमन धबधबा दिसायला लागला तिथे माझा गुडघा थांबला. लूपपासून चारेक किलोमीटर वर. मी म्हटलं, तू पुढे हो, मी इथे बसते.

"एकटी?"

"इथे वीस माणसं आहेत."

"रेषा अजून पाच किलोमीटरवर आहे. हळूहळू जाऊ, मी ढकलते."

"तू जा ग."

ती गेली. मी दगडावर बसले. धबधबा एका लोंबकळत्या दरीतून पडतो. खालची मोठी हिमनदी दरी खोल कोरत गेली आणि बाजूची छोटी मागे, वरच राहून गेली. ती कोरणारी हिमनदी केव्हाच संपली. पार्कच्या नावातल्या हिमनद्याही १८५० च्या सुमारास ८० होत्या, २०१५ च्या मोजणीत २६ भरल्या. त्यातली एकही आम्हाला दिसली नाही. रस्त्यावरून दिसते ती जॅक्सन, आणि ती खिंडीच्या पलीकडच्या अंगाला. दीड तास मी तिथे होते. मधूनच डोंगरात कुठेतरी तोफ उडावी असा आवाज यायचा आणि समोरच्या कड्यावरून साखर सांडल्यासारखा बर्फ खाली यायचा. इतका लांब की आवाज आधी आला की दृश्य, हे कळायचं नाही. पहिल्या वेळी सगळे उठून उभे राहिले. चौथ्या वेळी कुणी सँडविच खाली ठेवलं नाही.

नणंद आली ती नखशिखांत भिजून. वर बिग बेंड नावाचं मोठं वळण आहे, त्याच्या अलीकडे वीपिंग वॉल नावाची भिंत आहे, तिच्यातून वितळलेलं पाणी थेट रस्त्यावर पडतं आणि मे महिन्यात ते पाझरत नाही, कोसळतं. "माळशेजला पावसाळ्यात जातो ना, तस्सं. फक्त पाणी बर्फाचं." तिचे दात वाजत होते. बिग बेंडला रेषा होती. पाटीपलीकडे रस्ता नव्हताच म्हणाली, नुसता पांढरा उतार, आणि त्यात रस्ता कुठे असावा हे दाखवायला रोवलेल्या काठ्या. तिला मी माझं कोरडं जर्किन दिलं. तिने घालताना विचारलं, खिशात हे काय टोचतंय? म्हटलं, काही नसेल, किल्ली असेल, चल आधी खाली, निळी पडली आहेस. कड्यावर वारा सुटला होता.

उतरताना काय झालं ते फारसं आठवत नाही. ब्रेकवर बोटं, डोळ्यांतून पाणी, आणि तेरा ते एकोणीसपर्यंतचे पाढे. चढायला अडीच तास लागले ते अंतर चाळीस मिनिटांत संपलं.

रविवारी पाऊस. ओला तंबू ओला असतानाच गुंडाळला. फवारा आणि उरलेला गॅस, दोन्ही रेल्वेत चालत नाहीत म्हणून तळावर नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला देऊन टाकले. पिन कशी काढायची ते मी त्यांना दाखवलं, दुकानातल्या मुलीच्याच आवाजात. कारळ्याची चटणी त्या नूडल्सवाल्या मुलाने मागून घेतली. ती वासाची आहे, पेटीतच ठेव, हे त्याला तीनदा सांगितलं.

व्हाइटफिशहून परतीची गाडी रात्री नऊच्या सुमाराला. सीटवर पाय पसरले तेव्हा गुडघा परत बोलायला लागला. नणंदेने माझं जर्किन अंगातून काढून मला दिलं, आता डब्यात उकडत होतं. तीन रात्री मी त्याचीच घडी करून डोक्याखाली उशी घेतली होती. आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. किल्ली नव्हती. चेन उघडली.

पिवळी बाटली. झाकण थोडं सैल.

वास पसरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या रांगेतल्या बाईंनी नाक वर केलं. नणंदेने आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी शांतपणे विचारलं, "वहिनी, त्या रात्री किती वाजले होते ग, टूथपेस्टसाठी मला उठवलंस तेव्हा?"

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर मिट्ट काळोख होता, तरी बघत राहिले.